उतरलेली किंमत आणि न उतरणारा खर्च

आपल्या पक्षाच्या एका जिल्हा समितीपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. अकरा वर्षे वापरलेली, मीटरवर १ लाख ८५ हजार किलोमीटर दाखवणारी, डिझेलवर चालणारी एक आलिशान एसयूव्ही समितीने नऊ लाख रुपयांना विकत घ्यावी; दोन लाख रुपये निधीतून रोख द्यावेत आणि उरलेले सात लाख एका पतसंस्थेकडून चार वर्षांच्या हप्त्यांनी उचलावेत, असा तो प्रस्ताव आहे. ही गाडी आज नवी घ्यायची म्हटली तर चाळीस लाखांच्या आसपास पडेल. म्हणजे पाव किमतीहून कमी पैशांत ती पक्षाच्या दारात येणार, हा त्या प्रस्तावाचा मुख्य आधार.

प्रस्ताव मांडणारे साथी तरुण आहेत, राबणारे आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हेतू शुद्ध असल्यामुळेच त्यांच्या युक्तिवादाला उघडपणे उत्तर देणे अगत्याचे वाटते. ‘हा एका जिल्ह्याचा अंतर्गत प्रश्न, त्याची जाहीर चर्चा कशाला?’ असे काहींचे म्हणणे आहे. परंतु हाच मोह आज अनेक जिल्ह्यांत, अनेक कार्यकर्त्यांच्या घरांत आणि शेतमालाचे चार पैसे हाती आलेल्या अनेक कुटुंबांत शिरला आहे. तेव्हा तो चव्हाट्यावर आणलेलाच बरा.

प्रस्तावाच्या बाजूने चार कारणे दिली जातात. गाडी स्वस्त आहे. डिझेलचे इंजिन दणकट आणि किफायतशीर असते. आपल्या भागातील रस्ते वाईट व अंतरे लांब आहेत. आणि मोठ्या गाडीतून उतरल्याशिवाय हल्ली लोक मोजत नाहीत. या चारही कारणांचा क्रमाने विचार करू.

स्वस्त म्हणजे काय?

चाळीस लाखांची वस्तू नऊ लाखांना मिळते तेव्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा, की मधले एकतीस लाख गेले कुठे? ते कोणी माफ केलेले नाहीत. ते वापरून संपले. गाडीची निर्धोक वर्षे, न कुरकुरणारे सांधे, घट्ट झडपा, नव्या रंगाची चमक आणि पहिल्या मालकाची ऐट हा सारा माल आधीच्या मालकांनी उपभोगून झाला आहे. आपल्याला विकले जात आहे ते उरलेले आयुष्य आणि त्याबरोबर येणारी दुरुस्ती.

शिवाय पहिला मालक बहुधा एखादी कंपनी असते. आयकराच्या नियमांनुसार व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर दरसाल घटत्या किमतीच्या १५ टक्के घसारा खर्ची टाकता येतो. चाळीस लाखांच्या गाडीवर पाच वर्षांत अशा रीतीने बावीस लाखांहून अधिक रक्कम नफ्यातून वजा होते आणि तेवढ्यावरचा कर सरकारी तिजोरीत तेव्हा जमा होत नाही. म्हणजे त्या ऐटीच्या खर्चातला एक वाटा समाजानेच उचललेला असतो. ऐट उपभोगली एकाने, तिचा काही भार सोसला सर्वांनी, आणि आता मागे राहिलेला सांगाडा हप्त्यांनी घ्यायचा तो श्रमिकांच्या पक्षाने!

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते. तिचा खर्च उतरत नाही. अकरा वर्षांची झाली म्हणून ती लिटरला अधिक किलोमीटर जात नाही. तिचे टायर लहान होत नाहीत. तिच्या सुट्या भागांच्या किमती नऊ लाखांच्या गाडीला साजेशा नसतात, त्या चाळीस लाखांच्या गाडीच्याच असतात. विम्याचेही तसेच. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता सक्तीचा वार्षिक विमा हजार सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीला २,०९४ रुपये होता, आणि पंधराशे सी.सी.वरील मोटारीला ७,८९७ रुपये. यंत्र किती मोठे हे विमा पाहतो. मालक किती मोठा हे पाहत नाही.

आता आकडेमोड करू. ती गृहीतांवर आधारलेली आहे. समितीने आपली गृहीते घालून ती पुन्हा करावी. सात लाखांचे कर्ज, व्याज चौदा टक्के, मुदत चार वर्षे, म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे १९,१०० रुपये, वर्षाला २ लाख २९ हजार. वर्षाकाठी वीस हजार किलोमीटर फिरणे, लिटरला दहा किलोमीटर आणि डिझेलचा भाव नव्वद रुपये धरला तर इंधनाचे १ लाख ८० हजार. टायर, ऑइल आणि दुरुस्ती यांसाठी अशा वयाच्या गाडीला वर्षाला १ लाख २० हजार बाजूला ठेवणे ही चैन नव्हे, सावधगिरी होय. विम्याचे तीस हजार. बेरीज ५ लाख ५९ हजार, म्हणजे महिन्याला साडेसेहेचाळीस हजारांहून अधिक. चार वर्षांत, सुरुवातीचे दोन लाख धरून, चोवीस लाख रुपये. यात चालकाचा पगार धरलेला नाही. आणि शेवटचा हप्ता भरून होईल तेव्हा गाडी पंधरा वर्षांची झालेली असेल, म्हणजे नोंदणीची मुदतही संपलेली असेल. मग पुन्हा योग्यता तपासणी आणि नूतनीकरण. त्या नूतनीकरणाचे शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेलेले आहे.

‘कोणतीही गाडी घेतली तरी खर्च येणारच,’ असे उत्तर मिळेल. ते रास्त आहे. म्हणून तुलनाही करू. साडेतीन लाखांची वापरलेली लहान पेट्रोल मोटार घेतली, तेच दोन लाख रोख भरले आणि दीड लाखाचे कर्ज त्याच व्याजाने काढले, तर हप्ता सुमारे ४,१०० रुपये. लिटरला अठरा किलोमीटर व भाव एकशेपाच रुपये धरून इंधनाचे वर्षाला १ लाख १७ हजार. दुरुस्तीचे चाळीस हजार, विम्याचे बारा हजार. बेरीज २ लाख १८ हजार, म्हणजे महिन्याला अठरा हजारांच्या आसपास. फरक महिन्याला अठ्ठावीस हजारांचा पडतो. चौदा हजार मानधन धरले तर हे दोन पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. समितीपुढचा खरा प्रश्न हा आहे. गाडी घ्यायची की नाही, यापेक्षा दोन कार्यकर्त्यांच्या बदल्यात कोणती गाडी घ्यायची, असा तो विचारला पाहिजे.

मीटर आणि विश्वास

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. २००१ साली त्याला जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्याच्या मुळाशी तोच निबंध होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीत दोष काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ लागतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, म्हणून तो बाजारातून गाडी काढून घेतो. आणि अशा रीतीने बाजारात खराब मालाचा भरणा वाढत जातो. ज्ञान विषम असले की करारातली समानता नाममात्र राहते. मजूर आणि मालक यांच्या करारांविषयी आपण जे नेहमी सांगतो, तेच हे दुसऱ्या टोकाने सिद्ध झालेले आहे.

मीटरवरील १ लाख ८५ हजार हा आकडा या प्रकाशात पाहावा. मीटर मागे फिरवणे ही जुन्या गाड्यांच्या धंद्यातली सर्वांना माहीत असलेली लबाडी आहे; काट्याचे मीटर जाऊन आकड्यांचे आले म्हणून ती संपलेली नाही. अकरा वर्षांत पावणेदोन लाखांवर धावलेली गाडी सर्व्हिसच्या नोंदींसकट समोर आली तर तिच्याविषयी काही बोलता येते. येथे शेवटच्या तीन वर्षांच्या नोंदी नाहीत, असे प्रस्तावातच म्हटले आहे. नोंदी नसलेला आकडा हा आकडा नसतो, तो विक्रेत्याचा शब्द असतो.

आता डिझेल इंजिनाच्या दणकटपणाविषयी. जुन्या जीपचे व ट्रॅक्टरचे इंजिन पाहून बनलेली ही समजूत आहे, आणि त्या यंत्रांपुरती ती खरीही होती. गावातला फिटर पाना आणि हातोडी घेऊन ते सुधारू शकत असे. आजच्या आलिशान गाडीतले डिझेल इंजिन वेगळे आहे. त्यात इंधन वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाने, केसाएवढ्या बारीक छिद्रांतून, संगणकाच्या हुकमाने फवारले जाते. डिझेलमध्ये थोडे पाणी किंवा कचरा गेला तरी ते इंजेक्टर बिघडतात, आणि चारही एकदम बदलायची वेळ आली तर बिल सहज लाखाच्या घरात जाते. टर्बोचार्जर, उच्च दाबाचा पंप, स्वयंचलित गिअरबॉक्स, क्लचमागचे जड चाक, सस्पेन्शनचे सांधे हे सर्व भाग साधारणतः याच वयात, याच किलोमीटरांच्या सुमारास एकामागून एक थकू लागतात. इंजिनाचा ठोकळा तीन लाख किलोमीटर चालेलही. परंतु त्याभोवतीचे हे सारे तितके चालेल, असे कोणी लिहून देत नाही. आणि ते तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होत नाही. गाडी ट्रकवर घालून शहरात न्यावी लागते.

याहून स्वस्त गाडी हवी असेल तर देश सोडून गेलेल्या कंपनीची घ्या, असाही सल्ला दिला जातो. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली. तळेगावच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि हजाराहून अधिक कामगारांना पुढे न्यायासाठी झगडावे लागले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटार-उत्पादन थांबवण्याची घोषणा केली; सुमारे चार हजार कामगारांचा रोजगार त्यामुळे धोक्यात आला. त्या कंपन्यांच्या भल्यामोठ्या गाड्या आज कमी भावात मिळतात, हे खरे. कामगार वाऱ्यावर सुटले त्याच निर्णयाने त्या गाड्याही पोरक्या झाल्या. त्यांचा पडलेला भाव ही आपल्याला लाभलेली संधी वाटावी, हे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही.

डिझेलची किफायत कोणाच्या खर्चाने?

डिझेल दीर्घकाळ स्वस्त राहिले ते सरकारने ठरवून ठेवले म्हणून, आणि सरकारने ते ठेवले शेतीचा पंप, मालट्रक, बस आणि रेल्वे यांच्यासाठी. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये खुले झाले. डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत या दोन भावांतील अंतराचा फायदा घेऊन मोटार-उद्योगाने श्रीमंतांना डिझेलकडे वळवले. गरिबाच्या नावाने दिलेली सवलत आलिशान गाडीच्या टाकीत जाऊ लागली. डिझेल मोटारींवर वेगळा जादा कर लावावा, अशी शिफारस किरीट पारीख समितीने २०१० मध्येच केली होती. ती मानली गेली नाही.

पुढचा प्रकार तर लाज आणणारा आहे. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक खरेदीदारांना डिझेल पूर्ण बाजारभावाने देण्याचे ठरवले, आणि राज्यांची परिवहन महामंडळे त्या घाऊक खरेदीदारांत मोडली. परिणाम असा झाला, की पन्नास प्रवासी नेणाऱ्या एस.टी.च्या डेपोला लिटरमागे जो भाव द्यावा लागे, त्याहून कमी भावाने एका माणसाला नेणारी आलिशान गाडी रस्त्यावरच्या पंपावर डिझेल भरत असे. महामंडळांच्या बसगाड्यांवर डेपो सोडून खाजगी पंपावर जाण्याची पाळी आली. ज्या गाडीचा हा प्रस्ताव आहे, तिच्या जातीची सारी शान या विषमतेतून उभी राहिलेली आहे.

ही प्रवृत्ती ओसरलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मोठ्या एसयूव्ही गाड्यांवरील वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून जो पन्नास टक्के बोजा होता, तो चाळीस टक्क्यांवर आणला गेला. बसगाड्यांवरील करही त्याच वेळी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, हे नमूद केले पाहिजे. परंतु गरज आणि चैन यांना एकाच पंगतीत बसवून दोघांनाही दहा-दहा टक्के वाढायचे, याला समन्यायी करनीती म्हणत नाहीत.

आता ही विशिष्ट गाडी आपल्या जिल्ह्यात आली कशी, ते पाहू. तिची मूळ नोंदणी दिल्लीची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर केवळ वयाच्या कारणाने कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरात ते संरक्षण भारत टप्पा-चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या दहा वर्षांत दिल्लीतील चाणाक्ष मालकांनी मुदत भरत आली की ना-हरकत दाखला काढून गाडी दुसऱ्या राज्यात पाठवून देण्याचा रस्ता धरला. आपल्याकडे ‘दिल्लीची गाडी, स्वस्तात’ म्हणून जे विकले जाते, त्याचा उगम हा आहे.

जो धूर राजधानीच्या फुप्फुसांना नको, तो आमच्या तालुक्याच्या पोरांना चालतो, असा याचा सरळ अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. दिल्लीत हवा मोजणारी यंत्रे आहेत, वर्तमानपत्रे आहेत, न्यायालये आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत यांतले पहिले बहुधा नसते आणि उरलेली दोन दूर असतात. ‘जुनी वस्तू वापरणे हेही पर्यावरणाचे रक्षणच’ असे एका साथींनी म्हटले आहे. वस्तू टिकवून वापरणे, दुरुस्त करून वापरणे हा आपला संस्कार आहे, आणि तो सोडू नये. परंतु शंभर किलोच्या माणसाला न्यायला दोन टनांचे लोखंड हलवणे, मग ते नवे असो वा जुने, यात कशाचे रक्षण होते?

रस्ते, अंतरे आणि प्रतिष्ठा

रस्ते वाईट आहेत, हे मान्य. अंतरे लांब आहेत, हेही मान्य. रात्रीच्या सभेनंतर परतायला एस.टी. नसते, वडापची जीप आठनंतर मिळत नाही आणि मोटारसायकलवर कार्यकर्ते अपघातात दगावतात, हे तर मी कदापि नाकारणार नाही. समितीला वाहन हवे. प्रश्न कोणते, एवढाच आहे. खड्ड्यांतून जाणारी साधी, वापरलेली, सात-आठ माणसे बसणारी, तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होणारी गाडी यापेक्षा कमी पैशांत मिळते. वर्षातील ज्या वीस-पंचवीस दिवशी लांबचा दौरा असतो त्या दिवशी गाडी भाड्याने घेता येते. आणि रस्ता वाईट असेल तर त्यावर उतारा उंच गाडीचा नव्हे, आंदोलनाचा आहे. ज्याला खड्डा लागेनासा होतो, तो खड्ड्याविरुद्ध बोलेनासा होतो. सत्ताधारी पक्षांच्या पुढाऱ्यांकडे पाहिले की याची प्रचीती येते.

उरला प्रतिष्ठेचा मुद्दा. मनातली खरी गोष्ट हीच आहे. बाकीची तीन कारणे तिच्या सोबतीला आणलेली आहेत. थॉर्स्टिन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये ऐतखाऊ वर्गाच्या प्रदर्शनी उपभोगाची मीमांसा केली. काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत. ‘मला परवडते’ हे इतरांना दिसावे म्हणून घेतल्या जातात. आणि खालचा वर्ग वरच्या वर्गाच्या टाकून दिलेल्या खुणा अंगावर चढवून त्याच्या पंगतीत बसू पाहतो. पाव किमतीला मिळणारी आलिशान गाडी ही अशी टाकून दिलेली खूण आहे. वरच्या वर्गाला ती जुनी झाल्याचे नंबरावरूनच कळते. ती मिरवायची असते आपल्यासारख्यांनी, आपल्याच माणसांपुढे.

ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत उभे राहिले आणि सत्तावीस कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात हा त्यांचा आरोप त्याच काळातला. आकड्यांवर वाद झाला, सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. परंतु सारा देश त्या दिवसांत गरिबाच्या मिळकतीविषयी बोलू लागला. त्या भाषणाला जी धार होती ती केवळ आकड्यांची नव्हती. बोलणाऱ्याच्या राहणीकडे बोट दाखवून कोणी त्याला गप्प करू शकत नव्हते, हेही तिचे एक कारण होते. व्यक्तिगत खर्चावर मर्यादा घाला ही मागणी आपल्या चळवळीने देशापुढे मांडली. ती मागणी करणाऱ्यांच्या वारसांनी महिन्याला साडेसेहेचाळीस हजार खाणारी गाडी दारात उभी करून किमान वेतनावर भाषण द्यायचे, तर ऐकणारा कशाकडे पाहील?

‘ते दिवस गेले, आता लोकच गाडी पाहतात,’ हे उत्तर मला ठाऊक आहे. गणपतराव देशमुख हे आपल्या पक्षाचे नव्हते, शेतकरी कामगार पक्षाचे होते. सांगोल्याने त्यांना अकरा वेळा विधानसभेवर पाठवले, आणि एस.टी.ने प्रवास करणारा आमदार अशीच त्यांची ख्याती शेवटपर्यंत राहिली. २०२१ मध्ये ते गेले, म्हणजे ही काही पुराणकाळची गोष्ट नाही. लोक गाडी पाहतात हे खरे आहे. गाडी कोणाच्या पैशाने आली हेही तेच लोक पाहतात, आणि ते त्यांना आपल्याआधी कळलेले असते.

विकणारा कोण?

येथे आपण त्या मुद्द्यापाशी येतो, ज्याचा उल्लेख प्रस्तावात एका ओळीत उरकला आहे. गाडीचा आजचा मालक त्या जिल्ह्यातील रस्त्यांचा कंत्राटदार आहे. गाडी बाजारभावापेक्षा थोडी कमी किमतीत देण्याची त्याची तयारी आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचीही त्याची तयारी आहे. किरकोळ दुरुस्ती आपल्या यार्डातल्या मेकॅनिककडून करून देईन, असेही त्याने तोंडी सांगितले आहे. आणि त्याच गृहस्थाच्या खडी-क्रशरवरील मजुरांची किमान वेतनाची आणि धुळीपासून संरक्षणाची तक्रार याच समितीच्या कामगार आघाडीकडे गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे.

कोणी कोणाला विकत घेतले, असे मी म्हणत नाही. तसे घडलेले नाही याची मला खात्री आहे. परंतु कर्जदार आणि जामीनदार यांच्यातील नाते कसे चालते, हे सावकारीविरुद्ध लढलेल्या चळवळीला समजावून सांगावे लागू नये. पहिले सहा हप्ते वेळेवर जातील. मग पावसाळ्यात निधी आटेल, त्याच महिन्यात गिअरबॉक्स जाईल, आणि जामीनदार मोठ्या मनाने म्हणेल, ‘असू द्या, बघू नंतर.’ त्या दिवसानंतर क्रशरवरच्या मजुरांचा मोर्चा काढायला कोणी मनाई करणार नाही. तो फक्त पुढच्या बैठकीवर ढकलला जाईल, आणि मग त्याच्या पुढच्या. पक्ष लाचेने मोडतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा उपकाराने मोडतो. आणि न पेलणारा खर्च अंगावर घेतल्याखेरीज असे उपकार घ्यायची पाळी येत नाही.

त्या क्रशरवर दगड फोडणारा मजूर रोज पांढऱ्या धुळीत उभा असतो. ती धूळ त्याच्या छातीत साचते. आपला जिल्हा चिटणीस ज्या गाडीतून त्याला भेटायला जाणार, ती त्याच धुळीच्या पैशातून घेतलेली आणि काल-परवापर्यंत त्याच्या मालकाच्या बुडाखालची गाडी असणार. तो ती ओळखणार नाही, असे समितीला वाटते काय?

म्हणून समितीच्या सदस्यांना माझी स्पष्ट विनंती आहे. प्रस्ताव फेटाळावा, दुरुस्तीसह मंजूर करू नये. पक्षाचे वाहन घ्यायचे तर तीन अटींवर घ्यावे. पहिली, त्याचा वार्षिक खर्च सभासद-वर्गणीतून भागला पाहिजे, कोणाच्या मेहेरबानीतून नव्हे, आणि तो दर तिमाहीला सभासदांपुढे छापील मांडला पाहिजे. दुसरी, ज्यांच्याविरुद्ध आपल्या संघटनेची तक्रार आहे किंवा होऊ शकते अशा कोणाकडूनही ते घेऊ नये, आणि त्यांचा जामीन तर मुळीच नको. तिसरी, ते तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होणारे असावे आणि त्यात सात माणसे बसावीत. ज्या कार्यकर्त्यांना स्वतःच्या घरासाठी अशा गाडीचा मोह पडला आहे, त्यांनीही वरची आकडेमोड एकदा आपल्या घरच्या माणसांसमोर बसून करावी; शेतजमिनीवर कर्ज काढून हप्ते भरणाऱ्या घरांत शेवटी कोणाचे शिक्षण थांबते आणि कोणाचे दागिने मोडले जातात, हे त्या घरच्या बायकांना पाठ असते.

राहता राहिले ते दोन लाख रुपये, जे निधीत आज रोख आहेत. क्रशरवरच्या मजुरांची हजेरी व वेतन यांची नोंद ठेवण्यासाठी, कामगार आयुक्तांपुढे त्यांची बाजू मांडण्यासाठी आणि त्यांच्या छातीची तपासणी करून घेण्यासाठी ते खर्च करावेत. पुढच्या बैठकीत मत द्यायचे आहे ते या दोहोंपैकी एकाला.